पहिला प्रश्न कॉलेजाबाहेरचा

सर, परवा शनिवारी विद्यापीठाच्या त्याच हॉलमध्ये जाऊन आलो. तुम्ही गेल्यावर ती व्याख्यानं बरीच वर्षं बंद होती, आता पुन्हा सुरू झाली आहेत. पंखे जाऊन एसी आले, खुर्च्यांना गाद्या आल्या, पण मंचाच्या उजवीकडचा तो खांब अजून तिसऱ्या रांगेतल्या माणसाला अर्धाच पडदा दिसू देतो. म्हणून मी चौथ्या रांगेत बसलो. विषय होता गुरुत्वीय लहरी. बोलायला याच कामात असलेली तिशीतली एक संशोधक बाहेरून आली होती. सुरुवात तिनं इंग्रजीत केली, पण आपल्या हिंदी गावातल्या लोकांचे चेहरे पाहिले आणि सरळ हिंदीत उतरली. तुम्ही असता तर तिथंच मान डोलावली असती.

तुमची पद्धत मात्र अजून तशीच आहे. पहिला प्रश्न कॉलेजात विज्ञान न शिकलेल्या माणसाचा. तो येईपर्यंत प्राध्यापकांनी तोंड उघडायचं नाही आणि बाहेरचा चहा आत यायचा नाही. ही पद्धत कोणी पाडली हे त्या हॉलमध्ये किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे. पूर्वी तुमच्याच विभागाचे लोक माझ्यासारख्यांना कोपरानं ढोसायचे, "भैया, कुछ तो पूछ लो, चाय ठंडी हो रही है." मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा. बारावीनंतर शिक्षण सुटलं होतं, गोल बाजारात वजनकाटे दुरुस्त करायला नुकताच बसलो होतो, आणि फुटपाथवरून आणलेली विज्ञानाची पुस्तकं पाठ करत होतो. पाठच म्हणतो.

गुरू ग्रहावर धूमकेतू आदळला, त्या वर्षीचं तुमचं भाषण. संपल्यावर मी उभा राहतो. गुरूचा व्यास सांगतो, सूर्यापासूनचं अंतर सांगतो, तुकड्यांचा वेग सांगतो, एकही आकडा चुकवत नाही, आणि शेवटी विचारतो, "तो इस विषय में आपका क्या मत है?" तुम्ही चष्मा काढून पुसता. "भैया, ये सवाल नहीं है. ये दुकान का बोर्ड है." सगळा हॉल हसतो. नंतर पायऱ्यांवर तुम्ही मला गाठलंत आणि मराठीत, हळूच म्हणालात, "तुले याचं उत्तर माहीत होतं नं? मग मले काहून विचारलं?" मी निघायला वळलो. "उद्या सकाळी घरी ये," म्हणालात.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात मी दुसऱ्या दिवशी पाटावर बसलो आहे. काकू पोह्यांसाठी कांदा चिरताहेत. तुम्ही दाराला टेकून पुढच्या शनिवारचं ओझोनवरचं भाषण त्यांना ऐकवता आहात, हातवारे करून, जणू समोर सगळा हॉल आहे. विळीवरचा हात थांबला की तुम्हीही थांबायचं, असा तुमच्यात करार होता, हे मला तिथं बसूनच कळलं. हात थांबला. "अहो, काय सांगून राहिले तुम्ही? क्लोरीन तर पाण्याच्या टाकीत टाकतात. ते तिकडं आभाळात कोणी नेलं?" तुम्ही एवढे खूश झालात की मला वाटलं, काकूंनी काही बक्षीस दिलं. "बस! इथूनच सुरू करतो," म्हणालात, आणि पुढच्या शनिवारी खरंच तिथून सुरू केलंत. फ्रिजमधल्या वायूपासून निघून हॉलमधली सगळी माणसं तुमच्याबरोबर वर आभाळापर्यंत गेली. इतकं नितळ बोलणं मी नंतर कोणाचंही ऐकलं नाही, आणि ऐकायला मी पुष्कळ ठिकाणी गेलो आहे.

पण सर, त्यानंतर त्या हॉलमध्ये मी कधीच हात वर केला नाही. तुमचा राग नव्हता. धास्ती होती. मला शिकवायला कोणी नव्हतं, जे मिळवलं ते स्वतः वाचून. त्यामुळे माहीत नसलेलं झाकायची सवय लागली. मला खरा प्रश्न पडतो तरी का, की मी फक्त बोर्डच रंगवू शकतो, हे तपासायची हिंमत होत नव्हती. तुम्ही होता तोवर जमलं नाही. पुढे तर तपासणारेच गेले.

परवासुद्धा एक प्रश्न घोकूनच गेलो होतो. छान, घासूनपुसून, आकड्यांसकट. पण ती सांगत होती की किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या नळ्यांतून प्रकाश सोडतात, लहर आली की लांबीत फरक पडतो, आणि तो फरक प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान. माझ्या दुकानासमोरून ट्रक गेला तरी सोनाराचा काटा डोलतो. घोकलेला प्रश्न कुठं गेला, कळलंच नाही. हॉल गप्प, चहा बाहेर, आणि मी उभा. "मैडम, पता कैसे चलता है कि लहर ही आई, ट्रक नहीं गया?"

कोणी हसलं नाही. ती मंचाच्या कडेपर्यंत आली. म्हणाली, आमच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. मग सांगितलं, की एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर अशी दोन यंत्रं आहेत. ट्रक एकाला हलवेल; दोन्हीकडे जवळजवळ एकाच क्षणी, सारख्याच आकाराची हालचाल तो करू शकत नाही. शिवाय भोवतालची जमीन, वारा, आवाज यांवर लक्ष ठेवणारी उपकरणं वेगळीच. मी खाली बसलो.

घरी येऊन पोरीला सगळं सांगितलं, तुमच्यासारखे हातवारे करून. ती मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. कणीक मळता मळता थांबली. "पापा, लहर से सब कुछ खिंचता है तो रोशनी भी खिंचेगी ना? फिर नापा किससे?"

"मले माहीत नाही," मी म्हटलं.

"आपको नहीं पता?" ती हसायलाच लागली. "आज क्या हो गया?"

रविवारभर पुस्तकं काढून बसलो. उत्तर थोडं हाताला लागलं, थोडं निसटलं. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून इथं कबूल करायला हरकत नाही: तिचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा चांगला होता. तिला अजून सांगितलेलं नाही.