सुष्मीच्या केसांतली गाठ

शैला,

सुष्मीला घेऊन महाद्वार रोडला मोठा चाप आणायला जाते आहे. सकाळी तिच्या केसांच्या गाठीवर भंडारा लावलेला बघून मी हादरलेच. शेजारची रत्नव्वा म्हणते, "जट आलीया पोरीला. देवीचं बोलावणं हाय, फणी लावू नगा." अगं, ही जट नव्हे. केस कमरेखाली गेले, जुन्या चापात मावेनात, म्हणून पोर न विंचरताच गुंडाळून ठेवत होती. तेल लावून टोकाकडून गाठ कशी सोडवायची ते मी तिला शिकवलं. अर्धी तिनंच सोडवली.

तू तिला सौंदत्तीला देवीकडे न्यायचं ठरवलंयस म्हणे. तिनं मला विचारलं, "आजी, आई मला देवळातच ठिवून येणार व्हय?"

मी नाही म्हणाले. मला खोटं पाडू नकोस.

आत्याबाई