गळक्या झडपेविषयी

ऑर्डवे कॉर्नर, मेन
ऑक्टोबर १९०७

तीर्थरूप थर्झाताईस,

धाकट्या आबनरचा नमस्कार. तुझा दमा आणि भावजींचा स्वभाव, दोन्ही बॉस्टनच्या हवेत निवळले असावेत. इकडे मी बरा, आई बरी, आणि बाबाही (देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो) बरे आहेत असं आईचं मत आहे.

बाबा गेले त्या सकाळी त्यांनी वाफेच्या गाडीच्या बर्नरची लहान ज्योत पेटवली होती. ती रात्रंदिवस तेवत ठेवायची (म्हणजे बॉयलरमध्ये थोडी वाफ कायम राहते, सकाळी ताटकळावं लागत नाही), ही वाफगाडीवाल्यांची रीतच. आई ती विझवू देत नाही. "त्यांनी लावलीय, तेच विझवतील," म्हणते. मी आपला मुकाट्याने तेल-पाणी घालतो.

या गाडीला ना गिअर, ना आवाज. शेजारच्या टोबायसची पेट्रोलची गाडी चर्चच्या चढणीवर धापा टाकत साऱ्या गावाला उठवते. आपली मांजरीच्या पावलांनी वर जाते. वाफेचा जोर जागेवरूनच पुरा मिळतो ना. मात्र इंजिनात वाफ सोडायची झडप गळकी असली, की उभी गाडी आपणहून वीतभर सरकते. गळकी झडप, दुसरं काही नाही. हे आईला सतरांदा समजावलं. तिचं एकच: "तुझ्या बाबांना धीर कधी होता?" दुपारी भांडी आवरली की ती कोठारात जाऊन टोपीच्या फिती बांधते आणि गाडीत आपल्या जागी, डावीकडे बसते. गाडी सुस्कारा टाकते. आई म्हणते, "आलेच हो." (माझ्या अंगावर काटा येतो, पण तो थंडीचा असावा.) मी चाकाखाली ठोकळा सारतो. गेल्या रविवारी गाडी ठोकळा ओलांडून, तिला घेऊन, चकार आवाज न करता गिरणीच्या तळ्याच्या उतारापर्यंत गेली. मी धावत जाऊन ब्रेक ओढला, तर आई माझ्यावरच चिडली. "आमचं दोघांचं फिरणं तुला का रे खुपतं?" ताई, मी फार घाबरलो.

बाकी क्षेम. सफरचंदं उदंड आली आहेत.

तुझा,
आबनर

ता. क. आईला हिवाळाभर तुझ्याकडे ने. उत्तर लिहीत बसू नकोस, स्वतः ये. तळं गोठायला अजून अवकाश आहे.

आणखी एक ता. क. झडपेचं शहाणपण वर पाजळलंय, ते विसर. सोमवारी आई चर्चच्या शिवणमंडळात गेली असताना मी ज्योत विझवली आणि बॉयलर रिकामा केला. आज गाडी स्वयंपाकघराच्या पायरीशी उभी आहे, तोंड तळ्याकडे. बॉयलरला हात लावून पाहिला, गार आहे. आईला घेऊन ती निघू नये, म्हणून मी बाबांच्या जागेवर बसूनच हे लिहितोय. आई टोपी बांधून शेजारी बसली आहे. आत्ताच म्हणाली, "आबनर, ऊठ बाळा. ते कधीचे उभे आहेत."