दीड वाजताची भरती

२० एप्रिल १९८६, रविवार

नाव दिलं! पोहणं दोन किलोमीटर, मग लगेच सायकल पंचेचाळीस, मग लगेच धावणं पंधरा. मध्ये बसायचं नाही, जेवायचं नाही. आमच्या कारखान्याच्या लॅबमधले गद्रे साहेब वाशीच्या व्यायाम मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी कुठल्याशा मासिकात या ट्रायथलॉनबद्दल वाचलं आणि डोक्यात घेतलं. मला म्हणाले, "वामन, तू बोनकोड्याचा. खाडी म्हणजे तुझं अंगण. पहिला येशील!" हरभऱ्याच्या झाडावर चढवतात ते हेच. चढलो.

घरी गोजराला सांगितलं. बायको म्हणून थोडं कौतुक करेल वाटलं होतं. म्हणाली, "छत्तीस वर्सांचं घोडं, आता पळनार!"

२३ एप्रिल

धावायची वाट आज कळली. सडक ओलांडून वसाहतीत शिरायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि मंडळाच्या मैदानावर शेवट. म्हणजे आमच्या मोठ्या शेतावरूनच जायचं! शेत कसलं आता? तिथे तीन मजल्यांची बिल्डिंग आहे. बांधावरचं जांभळाचं झाड तेवढं फाटकाशी राहिलंय.

अकरा वर्षांपूर्वी नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतली, त्या दिवसापासून बाबांनी सडक ओलांडलेली नाही. चुलतभावाचं लग्न तिकडच्या हॉलमध्ये होतं, तर अक्षता घरूनच टाकल्या. दाढ दुखली तेव्हा डॉक्टर तिकडे म्हणून तीन दिवस लवंग धरून बसले. गोटीराम म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे शब्द. सगळ्या गावाला माहीत आहे.

पण मला एकच हवंय. मैदानावर दोरी ओलांडताना बाबा तिथे उभे असावेत. नंबर आला नाही तरी चालेल. (आला तर बरं.)

४ मे, रविवार

विचारलं! आठ दिवस शब्द जुळवत होतो, शेवटी जेवताना विचारलं. "बाबा, शर्यत बघायला येशील ना?"

"खाडीवर येन."

"शेवट मैदानावर हाय."

बाबांनी काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला. "त्या जागंवर पाय ठेवनार नाय. मेलो तरी नाय. तू पळ."

गोजरा मला खुणा करत होती, गप्प बसा म्हणून. बसलो. पण वाईट वाटलं. म्हाताऱ्याच्या हट्टापुढे माझा हट्ट म्हणजे पोरखेळ.

११ मे, रविवार

आज हसून हसून पोट दुखतंय, तरी लिहितोच.

शर्यत २५ तारखेला सकाळी सातला. हँडबिलं छापून झाली. ऊन नको म्हणून सकाळची वेळ, केवढी हुशारी! तर आज बरोबर सातला रंगीत तालीम ठेवली होती. गद्रे साहेब, दहा-बारा स्पर्धक, शिट्टी, स्टॉपवॉच, सगळं जमलं काठावर. पाणी कुठाय? पाणी गेलंय पार मध्ये! पुढे नुसता चिखल आणि त्यावर निवट्या, चिखलातले ते मासे, उड्या मारतायत. मला सांगायचं सुचलं नाही असं नाही. पण साहेबांनी वेळ ठरवली म्हणजे बघूनच ठरवली असेल, असं वाटलं. आणि त्यांना वाटलं, समुद्र म्हटला की पाणी असणारच!

साहेब म्हणाले, "थोडं चालत जाऊ." चार पावलांत गुडघ्यापर्यंत रुतले. दादरहून नंदकिशोर म्हणून एक बँकवाला आला होता, गॉगल लावून. तो त्यांना ओढायला गेला आणि गॉगलसकट बसला. शेवटी फळी टाकून मी दोघांना बाहेर काढलं. साहेबांची एक चप्पल खाडीला.

१२ मे

संध्याकाळी गद्रे साहेब घरी आले, नव्या चपला घालून. बाबांसमोर ओटीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "काका, चूक झाली. पंचवीसला पाणी कधी असेल?"

बाबांनी पंचांग नाही बघितलं, घड्याळ नाही. बोटांवर मोजलं. "पुनव शुक्रवारी. आयतवारी वद्य दुतीया. दोनाची पाऊनपट दीड. दीड वाजता पुरी भरती. साडेअकराला सोडा पान्यात, चढतं पानी मागून ढकलंल. सातला सोडाल तं तुमचे गडी निवट्यांसंगं नाचतील."

"पण मग धावणं भर दुपारी येईल हो! मे महिना!"

"मंग पावसाळ्यात घ्या," बाबा म्हणाले.

तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. आमच्याकडे शेंबड्या पोराला येतं. साहेब एम.एस्सी. आहेत. त्यांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं, आणि एक मात्र चांगलं केलं: बाबांना होडीत पंच म्हणून बोलावलं. बाबा हो म्हणाले! "पान्यावर माझा राग नाय."

मी लगेच तोंड घातलं, "मंग मैदानावर पन..." बाबांनी असं बघितलं की वाक्य तिथंच राहिलं.

१८ मे

नावडे फाट्यापर्यंत सायकल मारून आलो. सीट फारशी चांगली नाही. उभ्याने लिहितोय.

२४ मे, शनिवार

झोप येत नाही. गोजराने लिंबं, मीठ, गूळ बांधून ठेवलंय. सायकलला तेल दिलं. बाबांनी होडीला नवी दोरी बांधली. उद्याबद्दल एवढंच म्हणाले, "पान्यात पुढं जा. मंग तुझं नशीब."

मी काही विचारलं नाही. विचारून काय होतं?

२६ मे, सोमवार

काल हात उचलत नव्हता. आज रजा टाकून सगळं लिहितोय.

साडेअकराला बाबांनी होडीतून हात खाली केला आणि आम्ही तेवीस जण उडी मारून पाण्यात. मागून पाणी ढकलतंय, पुढे बाबांची होडी! बाबा ओरडत होते, "डावीकडं राह्य, डावीकडं वढ कमी हाय!" ते मलाच सांगत होते की सगळ्यांना, देव जाणे. पंचाने असं ओरडावं का? गद्रे साहेबांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं. मी पहिला! दुसरा येईपर्यंत माझी चड्डी बदलून झाली. गोजराने लुगड्याचा आडोसा धरला होता आणि अख्ख्या बोनकोड्याच्या बाया हसत होत्या.

सायकलवर माझा माज उतरला. माझी काळी सायकल, मागे कॅरिअर, घंटी. बेलापूरच्या पुढे नंदकिशोर पातळ चाकांच्या सायकलवरून सूं करून गेला. वर म्हणाला, "काका, साइड!" काका! मग एकेक जण गेला. डांबर पाघळलेलं, टायरला चिकटून चिरचिर आवाज. वारा होता, तोही तव्यावरून आल्यासारखा. नावडे फाट्यावर एका बाईने बादलीभर पाणी अंगावर ओतलं. तिचं नाव विचारायचं राहिलं. तिचं भलं होवो. परत आलो तेव्हा माझा नववा नंबर.

धावायला उतरलो, पावणेतीन वाजले होते. पाय माझे नव्हतेच. पहिली फेरी कशीबशी झाली. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गॅलरीतून लोक ओल्या टॉवेलने वारा घेत बघत होते. दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे काळं यायला लागलं, ओकारी झाली. समोर आमची ती बिल्डिंग दिसली. जांभळाच्या सावलीत गेलो आणि बसलो. मनात म्हटलं, संपलं. नववा काय नि तेविसावा काय. ज्याला दाखवायचं तो तिकडे सडकेपलीकडे.

"उठ."

मान वर केली. बाबा! धोतर खोचलेलं, हातात तांब्या, मागे बिल्डिंगचा वॉचमन. आमच्या शेतात, म्हणजे त्या फाटकाशी, बाबा उभे! मला वाटलं उन्हाने चळलो.

"उठ. हितं बसायचं नाय. हितं चिखलनी करताना तुझा आजा पन बसला नाय कवा."

तांब्या डोक्यावर ओतला. राहिलेलं पाणी पाजलं, त्यात मीठ होतं. दंडाला धरून उभं केलं. मी रडत होतो, घाम म्हणून खपलं. "बाबा, तू... सडक..." त्यांनी पाठीत एक गुद्दा घातला. "पळ!"

पळालो! पाय कुठून आले माहीत नाही. दोघांना मागे टाकलं. मैदानाच्या अलीकडे नंदकिशोर पायात गोळा येऊन फुटपाथवर बसला होता. "काय पुतण्या" म्हणायचं अगदी तोंडाशी आलं होतं, पण माझ्याकडचा गूळ त्याला दिला. सहावा आलो. दोरी ओलांडली तेव्हा बाबा मैदानावर नव्हते. नसू देत! त्याहून मोठं झालं होतं.

२७ मे

गावभर एकच विषय. गोटीराम म्हाताऱ्याने शब्द मोडला, पोरासाठी मोडला! देवळापाशी दत्तू काका म्हणाले, "वामन, बक्षीस तं तुलाच भेटलं." गोजराने सासऱ्यांसाठी मुद्दाम खेकड्यांचं कालवण केलं. कारखान्यात तिन्ही पाळ्यांना मी स्वतः सांगितलं. चौथी पाळी असती तर तिलाही सांगितलं असतं.

बाबांना विचारलं, का आलास? म्हणाले, "ऊन लई होतं." बस्स. पण मला कळलं. अकरा वर्षांचा राग एका बाजूला आणि मी एका बाजूला, तर पारडं माझं जड झालं. लहानपणापासून या माणसाने मला कधी शाब्बास म्हटलं नाही. आता नाही म्हटलं तरी चालेल.

१ जून, रविवार

सकाळी पेढे घेऊन त्या बिल्डिंगवर गेलो. वॉचमन धर्मराज, साताऱ्याकडचा. म्हटलं, "त्या दिवशी माझ्या म्हाताऱ्याला तांब्याभर पाणी दिलंत, उपकार झाले. पहिल्यांदाच आले होते ते इथे."

तो म्हणाला, "पहिल्यांदा? अवो, म्हातारं रोज येतंय की! सहा वर्सं झाली मला हितं, एक दिस खाडा न्हाई. पाचाला येतंय, झाडाखाली बसतंय, माती चिवडतंय, उजाडलं की जातंय. म्या च्या देतो. त्या दिशी तेवढं दोनदा आलं."

पेढे त्याच्या हातात दिले. झाडाखालची जागा बघितली. बसून बसून गुळगुळीत झाली आहे.

पहाटे कुठे जाता म्हणून गोजरा विचारते तेव्हा बाबा नेहमी सांगतात, खाडीवर.

घरी आलो. बाबा ओटीवर जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "कुटं गेलतास सकाळी?"

म्हटलं, "खाडीवर."