बावीस वर्षांचा अनुभव आणि आठ दिवसांचा कोर्स

२ फेब्रुवारी, सकाळ
धक्क्यावर नोटीस लागली आहे. तलावावर प्रवासी बोट चालवणाऱ्या सगळ्यांना आठ दिवसांचा सुरक्षा कोर्स सक्तीचा. पास झाल्याचा कागद नसेल तर एक मार्चपासून बोट बंद. नोटीस उत्तम आहे. इतरांना फार गरज होती. मी बावीस वर्षं या तलावावर आहे, त्यामुळे मला बोलावलंय ते मार्गदर्शनासाठीच असणार.

२ फेब्रुवारी, दुपार
कार्यालयात विचारून आलो. मार्गदर्शनासाठी नाही.
सौ. आमच्या बोटीच्या तिकीट खिडकीवर बसते. तिनेही नाव घातलं. म्हणाली, मला पण शिकायचंय. म्हटलं, जा, तेवढाच विरंगुळा.

४ फेब्रुवारी
पहिला वर्ग. कार्यालयाच्या वरची खोली, बारा खुर्च्या, एक फळा. शिकवणारी बाई माझ्या इंजिनापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठी. तिने विचारलं, प्रवासी चढण्याआधी सगळ्यात पहिलं काय बघता? मी लगेच म्हणालो, हवा. बाई खूश. मग मी खुलासा केला की हवा म्हणजे वाऱ्याने केस उडून फोटो बिघडणार नाहीत ना ते. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझा मुद्दा आवडलेला दिसतोय.

५ फेब्रुवारी
आज सगळ्यांना आपापल्या बोटीतली लाइफ जॅकेटं आणायला सांगितली होती. माझी अकरा वर्षं सीटवर उशी म्हणून वापरात आहेत, प्रवासी नावाजतात. बाईंनी त्यातलं एक पाण्याच्या पिंपात टाकलं. ते तळाशी गेलं. मी म्हणालो, दमलंय. बाई म्हणाल्या, बसून बसून आतला फोम चेपला की जॅकेट तरंगत नाही, ही सगळी फेकून द्या. शेजारी बसलेला इंजिनवाला मिस्त्री इतका हसला की त्याला खोकला लागला. त्याच्याकडून यापुढे इंजिन दुरुस्त करून घ्यायचं नाही, असं ठरवलं.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
इंजिन बिघडलं. मिस्त्रीला फोन केला.

७ फेब्रुवारी
लेखी चाचणी. प्रश्न: समोरासमोर दोन बोटी आल्या तर काय कराल? मी लिहिलं, ज्याचा आवाज मोठा तो आधी जातो. तलावावर हेच चालतं, कुणालाही विचारा. बाईंचं म्हणणं, दोघांनीही उजवीकडे वळायचं. म्हणजे आवाजाला काही किंमतच नाही.
मला चाळीसपैकी अकरा. सौ.ला अडतीस. तिचं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे.
उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून अभ्यास. आता माघार नाही.

८ फेब्रुवारी
साडेनऊला उठलो. रविवार होता.

९ फेब्रुवारी
पुस्तक हातात घेतलं. पान दोनपर्यंत आलो. चित्रं चांगली आहेत.

१० फेब्रुवारी
गाठी. पटकन बसणारी आणि पटकन सुटणारी गाठ मारायची होती. माझी बसली, पण सुटेना. बाईंनी प्रयत्न केला, मिस्त्रीने केला, शेवटी सुरीने दोरी कापली. याला मजबुती म्हणतात, पण त्याचे मार्क नाहीत. सौ.ने हात पाठीमागे घेऊन गाठ मारून दाखवली. एवढा दिखावा बरा नव्हे.

१२ फेब्रुवारी
प्रात्यक्षिक. आज सगळ्यांची तोंडं बंद करायची होती. माझी बोट, माझं इंजिन, माझा तलाव.
इंजिनला एक लाल दोरी असते. तिचं दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधायचं, म्हणजे आपण पाण्यात पडलो की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. ही सोय पडणाऱ्यांसाठी आहे. मी बावीस वर्षांत पडलेलो नाही, म्हणून ते टोक नेहमीप्रमाणे खुंटीला अडकवलं. नवं जॅकेट घातलं, पण बक्कल लावलं नाही. लावलं की पोट दिसतं.
बाई आणि सौ. दुसऱ्या बोटीत. मी वेग घेतला आणि एक झकास वळण मारलं.
बोट वळली. मी सरळ गेलो.

(पुढचं दुपारी लिहिलं. सकाळी पेन धरवत नव्हतं.)
जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आलं. बुटात पाणी. इंजिन चालूच, आणि बोट गोल फिरून माझ्याच दिशेने येत होती. बावीस वर्षांत तिला समोरून कधी बघितलं नव्हतं. मी तिला पकडायला तिच्याकडेच पोहायला लागलो. तेवढ्यात सौ. ओरडली, "अहो, बोटीकडे जाऊ नका! दोरी धरा, दोरी!" तिने फेकलेली दोरी बरोबर माझ्या खांद्यावर पडली. पहिल्याच फेकीत. तिने ओढलं आणि बोट माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून गेली. इंजिनाच्या पंख्याचा आवाज पाण्याखालून वेगळाच येतो.
बोट पुढे जाऊन काठच्या गवतात घुसली. काठावर उभ्या मिस्त्रीने इंजिन बंद केलं.
 सौ. टॉवेलने माझे कान पुसत राहिली. कान कोरडे झाले तरी थांबेना. टॉवेल नवा असणार. 

१३ फेब्रुवारी
विश्रांती. भेटायला आलेल्यांना सांगितलं, वारा आडवा आला. मिस्त्रीने विचारलं, कुठला वारा? काही माणसांना दुसऱ्याच्या तब्येतीची पर्वाच नसते.

१५ फेब्रुवारी
निकाल. सौ. पहिली. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'तीन महिन्यांनी पुन्हा बसावे.' नापास असा शब्द कुठेही नाही, हे नीट तपासून घेतलं. तोपर्यंत बोट सौ. चालवणार. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. परवानगी द्यायला धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ती नव्या जॅकेटांना लावलेल्या शिट्ट्या वाजवून बघत होती. म्हणाली, जरा बाजूला व्हा.

१ मार्च
तिकीट खिडकीवर मी. खिडकीतून तलावाचा एक कोपरा आणि कचऱ्याचा डबा दिसतो. आज तिने वाऱ्याचं कारण सांगून दोन फेऱ्या रद्द केल्या. मी असतो तर नेल्या असत्या. तासाभरात असा वारा सुटला की खिडकीची फळी उडाली. योगायोग. एका प्रवाशाने विचारलं, बाई बोट चांगली चालवतात, कुठे शिकल्या? मी म्हणालो, घरीच. सौ.ने ऐकलं. नुसतं बघितलं. बोललेलं बरं असतं.

६ मार्च
शेवटी कोर्सवाल्या बाईंचा फोन आलाच! नवीन तुकडीसाठी तुम्हीच हवेत, म्हणाल्या. तुमच्यासारखा दुसरा कुणी नाही. अनुभव कधी वाया जात नाही. भाषणाचे मुद्दे काढले, सतरा झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट.

७ मार्च
भाषण नव्हतं. 'पाण्यात पडलेला माणूस' हवा होता. शिकणाऱ्यांनी त्याला बाहेर काढायचं. बाकीचे पडतात ते मुद्दाम पडल्यासारखे वाटतात, तुमचं फार नैसर्गिक आहे, असं बाई म्हणाल्या.
सकाळपासून अकरा वेळा पडलो. बक्कल लावून. दोनदा कॉलरला धरून काढलं, एकदा पायाला. बाराव्या वेळी दोरी फेकणाऱ्या मुलीने दयेने विचारलं, काका, तुम्हाला थोडीफार बोट चालवता येते का हो?
उत्तर द्यायला तोंड उघडलं. पाणी गेलं.