संत्र्यातलं पोटॅशियम

अकोला, १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाबांचं डायलिसिस आजपासून बंद. त्यांच्या हृदयाला आता ते झेपत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी पथ्याचं विचारलं. "आता मागतील ते द्या." एवढंच.

दोन वर्षं मी त्यांच्या हातातून संत्रं काढून घेत आले. त्यात पोटॅशियम असतं. हृदयाचे ठोके त्याच्यामुळेच पडतात, आणि निकामी मूत्रपिंडांमुळे ते रक्तात साठलं की त्याच्यामुळेच थांबतात. बाबांनी जन्मभर आपल्या संत्र्याच्या बागेला पोटॅश घातलं. मला विचारायचे, "झाडाले चालते, मंग मलेच काहून नाई?" मातीत, झाडात, त्यांच्या रक्तात मूलद्रव्य एकच.

आज येताना संत्री आणली. एक सोललं. साल, शिरा, बिया; लावता येईल तितका वेळ लावला. मग फोड त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही, माझ्याकडे पाहत राहिले.

"डॉक्टर हो म्हने?"

"हो."

"मंग समजलं मले." त्यांनी फोड तोंडात घातली, सावकाश चावली. "रडू नोको पोरी. दुसरं बी सोल."