पिपाणीची झोप आणि माझा उजवा पाय

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला असता, पण मांडीवर तुझी भाची आहे.) तुझा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नाही ना? भावोजींना म्हणावं, खोकल्याचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्या, चवीप्रमाणे नको. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे अजून उभे आहोत.

भाचीचं नाव आम्ही हौसेने ठेवलं, पण घरात सगळे तिला पिपाणीच म्हणतात. का, ते तू फोनवर ऐकलंच आहेस. दिवसा पोर देवमाणूस. रात्री मात्र जरा डोळा लागला की ‘हूं’ करते, आणि मी धावतो. तू सांगितलंस ते सगळं करून झालं. ठरल्या वेळी आंघोळ, पोटभर दूध, दिवा मंद, बोलणं हळू. आई अंगाई म्हणते (पहिल्या कडव्याला आई स्वतःच झोपते, दुसऱ्याला बायको, पिपाणी शेवटपर्यंत ऐकते आणि पुन्हा म्हणा म्हणून पाय झाडते). मुलांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, वजन उत्तम आहे, मुलं झोपेत हूं-चूं करतातच, खरंच रडायला लागली तर घ्या, नाहीतर क्षणभर थांबून बघा. मी मान डोलावली. पण लेकराने हाक मारायची आणि बापाने थांबून बघायचं, हा काय बसथांबा आहे?

आता जे झालं ते आईला सांगू नकोस. तिला अर्धंच ठाऊक आहे. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सध्या दातांच्या डॉक्टरीणबाई शिकायला येतात. बाई हुशार, पण स्टिअरिंग अशा धरतात की जणू ते उपटूनच काढायचंय. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तुला माहीत आहे. समोरून सायकल दिसली की मी तो दाबतो, कुत्रं दिसलं की दाबतो, कुत्रं येईल असं वाटलं तरी दाबतो. गाडी गचका खाऊन बंद पडते आणि बाई माझ्याकडे दाढ किडलेल्या माणसाकडे बघावं तशा बघतात. गेल्या आठवड्यात एकदा मी त्यांना सरळ चला म्हणालो. ऊन काचेतून छान मांडीवर आलं होतं. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी एका झाडाखाली, दोन गाड्यांच्या मधोमध, पट्टीने आखावी तशी लावलेली. इंजिन बंद. बाई हाताची घडी घालून बसलेल्या.

“पूल ओलांडला, बाजारातून आले,” त्या म्हणाल्या. “एकदाही बंद पडली नाही. तुम्ही मध्ये पाय घातला नाहीत ना.”

मी हसायला गेलो. त्या हसल्या नाहीत.

“तुम्ही झोपलाय हे बाजारात कळलं. थांबायलाही जागा नव्हती, देवाचं नाव घेत इथवर आणली. मालकांना तुम्ही सांगता की मी सांगू?”

मीच सांगितलं. मालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, झोप नीट होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. तेव्हापासून मी ऑफिसात नव्या मुलांना खांबावरच्या पाट्या शिकवतो. (‘पुढे वळण आहे’ हे मी इतक्यांदा म्हटलंय की मलाच त्याची काळजी वाटू लागली आहे.)

घरी बायकोला सांगितलं. ती आधी खूप हसली, मग तशीच रडायला लागली. तिचीही झोप झालेली नाही, हे मी विसरूनच गेलो होतो. त्या रात्री पिपाणीने ‘हूं’ केलं तसा मी उठलो, तर बायकोने माझा सदरा मुठीत धरला. “पाय काढ ब्रेकवरून,” ती म्हणाली. पिपाणी वळवळली, स्वतःचा अंगठा शोधला, चोखला आणि झोपून गेली. मध्ये एकदा दुधाला उठली, मग थेट उजाडल्यावर. तेव्हापासून रोज असंच चाललंय. ती झोपते, बायको झोपते, आई घोरते. मी जागा असतो. इतकी शांतता बरी नव्हे, असं वाटत राहतं. काल न राहवून, श्वास चालू आहे ना बघायला तिच्या नाकाशी बोट नेलं. पुढचं सांगत नाही. शेजाऱ्यांना विचार.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. मला चार दिवस तुझ्याकडे बोलावशील का? तुझ्या माळ्यावरची खोली चालेल. झोप झाली की मालक गाडी परत देतील.

ता. क. २. बायकोने पत्र वाचलं. ती म्हणते, माळ्यावर नेऊन ठेवलं तरी याचे कान इकडेच लागणार. त्यापेक्षा ताईंनी आम्हा तिघींना बोलवावं आणि याला रिकाम्या घरात एकटं झोपू द्यावं. आईने बॅग भरायला घेतली आहे.

ता. क. ३. मलाही पटलं. फक्त पिपाणीने रात्री ‘हूं’ केलं, तर लगेच उचलू नकोस. मला फोन कर. मी लगेच उचलतो.