तुरेवालीला कोणी मारलं

४ मार्च, मंगळवार

तुरेवाली गेली! शिवलेले कपडे पोचवून दुपारी घरी आले, तर खुराड्यात आडवी पडलेली. मुंडकं नाही. बाकी अंग जसंच्या तसं. उरलेल्या तिघी कोपऱ्यात एकमेकींना चिकटून. आवाज म्हणून नाही.

लेक सात महिन्यांपूर्वी सासरहून आली ती खोलीतच बसून. बोलत नाही, धड जेवत नाही. कोंबड्या आणल्यापासून निदान दाणे टाकायला तरी बाहेर यायची. तुरेवाली तर तिच्या मांडीवर बसायची. आज खड्डा तिनेच खणला.

ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही!

५ मार्च

शेजारच्या ड्रायव्हरचा कुत्रा! दुसरं कोण असणार? मेला सदा कुंपणात नाक खुपसून उभा. गेले आणि तोंडावर सुनावलं. ड्रायव्हर हसायलाच लागला. कुत्र्याचा जबडा उघडून म्हणाला, "वहिनी, नीट बघा. एक जरी दात सापडला तरी दहा कोंबड्या आणून देतो. पाव दुधात भिजवून घालतो मी त्याला!"

नव्हता दात. जाम फजिती झाली.

तरी संशय जात नाही. दात नसले म्हणून काय, नखं आहेत की!

६ मार्च

समोरच्या मास्तरणीचा बोका आज माझ्याकडे बघत मिशा चाटत होता. हं! आणि तो ड्रायव्हरही काल हसला ते जरा जास्तच. कोणावर विश्वास ठेवावा?

७ मार्च

लेक बोलली! बोक्याच्या नावाने बोटं मोडत होते, तर मागून आवाज आला, "कुत्र्याने धरली असती तर अंगणभर पिसं झाली असती. आणि बोका शिरला कुठून? जाळीखाली बघितलंस का?"

बघितलं. माती उकरलेली, चार बोटं रुंद भोक. बोक्याचं तर डोकंही जाणार नाही त्यातून.

तिने डब्यातलं पीठ आणून भोकापाशी पसरलं. पीठ वाया जातंय, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

९ मार्च

पिठात पावलं! लेक पोटावर पालथी पडून बघत होती. "पाच बोटं आहेत, आई. पुढे नखं. कुत्र्या-मांजरांची चारच उमटतात."

दुपारी दोघी खिडकीआड दबा धरून बसलो. लाकडांच्या ढिगामागून मुंगूस निघालं. मागच्या पायांवर उभं राहून साळसूदपणे इकडेतिकडे बघितलं — आणि सरळ भोकाकडे! झाडू घेऊन धावले, तर माझीच चप्पल उडाली. लेक हसली. हसली!!

भोक विटा आणि सिमेंटने बुजवलं. ड्रायव्हरची माफी मागायला तीच गेली. सात महिन्यांत पहिल्यांदा फाटकाबाहेर.

१० मार्च

जावयाचा फोन. उद्या दुपारी न्यायला येतोय. किती मऊ बोलतो! "आई, तिचा स्वभावच संशयी. तुम्हीच दोन शब्द समजावा." बरं झालं, पोर सावरली तोवरच मार्गी लागेल.

तिला सांगितलं, तर खोलीत गेली आणि आतून कडी. काय म्हणावं! इतका सोन्यासारखा माणूस, आणि हिचं हे असं.

११ मार्च

सकाळी दार उघडून म्हणाली, "आई, कोंबडी मेली तर आठवडाभर पिठात पावलं शोधलीस. कुत्र्याचे दात बघून आलीस. मी आले तेव्हा मला एकदा तरी विचारलंस, काय झालं?"

विचारलं. दोन तास ऐकत बसले.

जावई दुपारी आला. फाटक उघडलं नाही.